पैशाचं झालं, मुलाचं काय?

(समाजाच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषयपत्रिकेवर आमच्या नावापुढे ‘बालकल्याण’ एवढेच छापले आहे. बोलायचे आहे ते आई किंवा वडील गेलेल्या मुलांबद्दल, आणि मतदार म्हणून आपण त्यांच्यासाठी काय मागायचे याबद्दल.

आम्ही बँकेत काम करणारी माणसे. अज्ञान खातेदाराच्या अर्जावर पालकाचा रकाना असतो. २०२१ च्या उन्हाळ्यानंतर त्या रकान्यात आजी, मामा, काका अशी नावे येऊ लागली. एक आजी नातवाला घेऊन आल्या. मुलगा असेल चौदा वर्षांचा. मदतीची रक्कम जमा झाली का, ते बघायचे होते. आम्ही पासबुक छापून दिले, आकडा वाचून दाखवला. मुलगा सगळा वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. जाताना आजी म्हणाल्या, “हा घरात बोलतच नाही हो. पैशाचं झालं, याचं काय करू?” त्यासाठी आमच्याकडे कुठला फॉर्म नव्हता.

सरकारने काहीच केले नाही असे नाही. मे २०२१ मध्ये राज्य सरकारने कोविडमुळे अनाथ झालेल्या मुलांना दरमहा ५ हजार रुपये, मोफत रेशन आणि शिक्षण जाहीर केले. केंद्राच्या पीएम केअर्स योजनेत तेविसाव्या वर्षी १० लाख रुपये मिळतात. दोघांपैकी एकच पालक गेला असेल तर मात्र केंद्राच्या योजनेत नाव लागत नाही. पण ज्यांना मिळाले, त्यांनाही मिळाले ते खात्यात.

हे भोपाळमध्ये दुसऱ्यांदा घडले आहे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडचा वायू सुटला तेव्हा आपली बहुतेक घरे तलावाच्या या बाजूला होती. आपण वाचलो, म्हणून तो विषय आपला नाही असे बरीच वर्षे मानले. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरचा समझोता झाला. पुढे दावे तपासताना फुप्फुसे, डोळे मोजले गेले. भेदरलेले मन मोजायची सोय त्यात नव्हती. सुनील वर्मा हे नाव इथे काहींना आठवत असेल. तेव्हा तो बारा-तेरा वर्षांचा होता. आईवडील आणि भावंडे गेली. उरलेल्या धाकट्या भावाला आणि बहिणीला त्याने वाढवले. कार्बाइडविरुद्ध मुलांची संघटना उभी करण्यात तो पुढे होता. म्हणजे अनाथ मुलांनी एकत्र यावे हे या शहरात मुलांनाच सुचले, मोठ्यांना नाही. पुढे त्याला मानसिक आजाराने गाठले आणि २००६ मध्ये त्याने आयुष्य संपवले. मुले एकत्र आली ती मोर्चासाठी; रात्री झोप का येत नाही, हे बोलायला त्यांना जागा कोणी दिली नव्हती.

३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा महाराष्ट्रात थोडे वेगळे घडले. नळदुर्गला पन्नालाल सुराणांच्या पुढाकाराने ‘आपलं घर’ उभे राहिले. भारतीय जैन संघटनेने बाराशेच्या आसपास मुले पुण्यात शिकायला नेली. शेजारच्या मुलाचेही घर पडलेले आहे हे तिथे कोणाला समजावून सांगावे लागत नसे. अमेरिकेत पोर्टलंड येथे १९८२ पासून डगी सेंटर हेच काम ठरवून करते आहे. त्याचे नाव ब्रेन ट्यूमरने गेलेल्या एका लहान मुलावरून पडले.

यासाठी फार काही लागत नाही. एका वयाची आठ-दहा मुले, ठरलेला वार, ठरलेली वेळ, एक प्रशिक्षित समुपदेशक. माती, रंग, कॅरम. बोलायची सक्ती नाही. तिथे बोललेले बाहेर जात नाही. फक्त मुलाच्या जिवाला धोका दिसला तर समुपदेशक घरच्यांना आणि डॉक्टरांना कळवतो. आमचे आणखी एक मत आहे, कोणाला रुचणार नाही: तिथे मराठीचा आग्रह धरू नये. मूल आजीशी मराठीत बोलते, मित्राशी हिंदीत. ज्या भाषेत रडू येईल ती चालेल.

“घरचं दुःख चव्हाट्यावर कशाला?” असे आपल्यातले ज्येष्ठ विचारतील. १९५६ ला राजधानी झाली तेव्हा नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरहून आलेल्या आपल्या घरांत ही शिस्त होती, आणि तिने पुष्कळांना तारलेही. पण तेव्हा वाड्यात दहा मुले होती. आज फ्लॅटमध्ये एक आहे.

चूक आपलीही आहे. कोविडमध्ये आपल्या मंडळींनी डबे पोचवले, ऑक्सिजनसाठी रात्री फोन फिरवले. पुढच्या गणेशोत्सवात मात्र आई गेलेल्या एका मुलीचे नाव नाटकातून काढले, का तर तिला त्रास नको. तिला कोणी विचारले नाही. ती नंतर आलीच नाही.

म्हणून सभेपुढे दोन गोष्टी ठेवतो. मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, मग तो कुठल्याही पक्षाचा असो, लेखी विचारायचे: वॉर्डात मुलांसाठी एक खोली आणि सरकारी शाळांत नियमित समुपदेशक देणार का? १४४१६ ही टेलि-मानस हेल्पलाइन २०२२ पासून आहे, पण फोन हातात घेऊन चौदा वर्षांचा मुलगा काय सांगणार? त्यांची उत्तरे आहेत तशी या पत्रकात छापायची. दुसरी गोष्ट, तोवर आपल्या सभागृहामागची खोली शनिवारी संध्याकाळी रिकामी ठेवायची. तिथे सध्या लग्नाची भांडी आहेत. ती हलवायला चार माणसे हवीत. नावे दाराशी ठेवलेल्या वहीत लिहावीत.