दक्षिण आफ्रिकेचा वारसादिन आणि तेथील शाळा



दक्षिण आफ्रिकेत प्रतिवर्षी २४ सप्टेंबर हा दिवस वारसादिन म्हणून पाळला जातो व सर्व देशास सुटी असते. या दिवसाचा जन्म एका तडजोडीतून झाला. नाताळ प्रांतातील झुलू लोक या दिवशी आपल्या शाका राजाचे स्मरण करीत असत. १९९४ साली नव्या लोकशाही राज्याच्या सुट्यांचे विधेयक संसदेपुढे आले, त्यात हा दिवस नव्हता. इंकाथा पक्षाने हरकत घेतली. तेव्हा दिवस तोच ठेवावा, नाव मात्र सर्वांना सामावून घेणारे द्यावे, असे ठरले. झुलू लोक आजही क्वादुकुझा येथे शाकाच्या स्मारकापाशी जमतात. इतरत्र पुष्कळ कुटुंबे निखाऱ्यांवर मांस भाजून आप्तेष्टांसह जेवतात. तेथे या मेजवानीस ‘ब्राय’ म्हणतात. मेजवानीत गैर काही नाही. पण तेवढ्यावरच दिवस मावळला तर नाव फुकट गेले म्हणावयाचे.

शाळांतील समारंभ सुटीच्या आधीच उरकतो. मुले आपापल्या समाजाचा पोशाख करून येतात. झुलू मुलींच्या गळ्यात मण्यांच्या माळा, सोथो मुलांच्या खांद्यावर लोकरी घोंगडी, भारतीय वंशाच्या मुलींच्या अंगावर साडी. देखावा रमणीय असतो. (महाराष्ट्रातील शाळांच्या स्नेहसंमेलनांतही प्रांतोप्रांतीच्या वेषांची मिरवणूक निघतेच.) परंतु विचारी शिक्षकास येथेच अडचण पडते. १९५० च्या लोकसंख्या-नोंदणी कायद्याने त्या देशातील प्रत्येक माणसास एकेका वंशाच्या रकान्यात घातले होते. तो कायदा १९९१ साली रद्द झाला. आता पोशाखाप्रमाणे मुलांच्या रांगा लावल्या, तर तेच रकाने शाळेच्या पटांगणात पुन्हा आखल्यासारखे होते. शिवाय ज्याचे आईवडील दोन भिन्न समाजांतले, त्या मुलाने कोणता वेष करावा?

म्हणून वेषापेक्षा त्यामागील हकीकत घरून विचारून आणावयास सांगणे अधिक श्रेयस्कर. साडी नेसलेल्या मुलीची आजी कदाचित सांगेल की, १८६० पासून मद्रास व कलकत्ता बंदरांतून गिरमिटिया मजूर जहाजांनी नाताळच्या उसाच्या मळ्यांवर गेले, आणि त्यांतच तिचे पूर्वज होते. डरबन शहरात पाव पोखरून त्यात मसालेदार रस्सा भरतात. त्यास ‘बनी चाऊ’ असे नाव आहे. भारतीय वस्तीत निघालेला हा पदार्थ आता सर्वच समाजांचे लोक आवडीने खातात. रस्सा भारतीय, पाव युरोपीय आणि खाणारे सगळे. तेव्हा हा पदार्थ कोणत्या रांगेत ठेवावा, हे शिक्षकाने स्वतः न सांगता मुलांनाच विचारावे.