बियांपासून निवडुंग
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली. पुस्तकी माहिती थोडी, हाताने केलेले तेवढे सांगते.

माझ्या गच्चीवरचे निवडुंग एकिनॉप्सिस जातीचे, मूळ दक्षिण अमेरिकेतले. त्यांची पांढरी-गुलाबी फुले रात्री उमलतात व दुसऱ्या दिवशी मिटतात. त्यांचेच भाऊबंद लोबिव्हिया. ती लाल-पिवळी, दिवसा फुलणारी. कॅलिफोर्नियात हॅरी जॉन्सन यांनी या दोहोंच्या संकरातून ‘पॅरामाउंट’ नावाची रंगीत वाणे काढली.

संकर करणे अवघड नाही. मऊ कुंचल्याने एका फुलाचे पराग दुसऱ्याच्या मध्यावर लावायचे. मात्र यातली बहुतेक झाडे स्वतःच्या परागाने बी धरत नाहीत. आपण एकमेकींना पिल्ले देतो ना, तशी दहा घरची दहा झाडे असली तरी ते एकच झाड समजा! जोडीदार वेगळ्या बीचा हवा.

फळ तडकले की राजगिऱ्याएवढे काळे बी मिळते. जाड वाळू व कुजलेल्या पानांचे चाळलेले खत घ्यावे, बी नुसते वर पसरावे, मातीने झाकू नये. कुंडीवर काच, पाणी खालच्या ताटलीतून. उन्हाची तिरीप नको, उजेड हवा. दोनेक आठवड्यांत हिरवे ठिपके दिसू लागतात. बुरशी दिसली की काच काढावी. फुलासाठी मात्र 3-4 वर्षे थांबायचे, आमच्या सासूबाई म्हणत, “एवढ्यात पेरू धरला असता!”

खरी परीक्षा पुढे. एकाच फळाची 40 रोपे, पण प्रत्येकाचे फूल निराळे. पाहायला येणारी प्रत्येकजण सगळ्यांनाच छान म्हणते. मला ते पटत नाही. मूळ झाडाचे फूल शेजारी ठेवून सकाळीच पाहावे. पाकळ्या रुंद आहेत का, मधली रेघ स्पष्ट आहे का, दुपारपर्यंत रंग टिकतो का. पहिल्या फुलावर निकाल देऊ नये, दुसऱ्या वर्षीचे पाहावे. फूल सुरेख पण झाड पावसाळ्यात कुजते, तेही बाद. अशी माझी 40 पैकी 3 उरली. त्यांनाच नावाची पाटी. बाकीची बिननावाची वाटली.

एक फिकट फुलाचे मात्र धाकटीने देऊ दिले नाही. “तुमच्या परीक्षेत नापास असेल, माझ्या नाही,” म्हणाली. ते जिन्याशी आहे, पाटीवाचून.

निवडलेल्या तिघांना पिल्ले धरू लागली आहेत. हवी असतील त्यांनी दिवाळीनंतर रिकामी कुंडी घेऊन यावे.