कृषी महाविद्यालयाची मुले : गावातले समज किती खरे?

(शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आजच्या मेळाव्यात पीकसंरक्षण आणि खतांच्या वापराविषयी आपण पुष्कळ ऐकले. मला थोड्या वेगळ्या विषयावर बोलावयाचे आहे. सकाळी प्रदर्शनाच्या मांडवात एक शेतकरी बांधव आपल्या मुलीला घेऊन भेटले. मुलगी बारावी विज्ञान शाखेतून चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली आहे आणि तिला कृषी पदवीला जायचे आहे. वडील म्हणाले, "सर, खरं काय ते सांगा. तिथली पोरं चिखलात पाय घालत नाहीत. चार वर्षं काढतात, मग पुण्याला खोली घेऊन परीक्षेची पुस्तकं वाचत बसतात. शेती कोणीच करत नाही. मग पोरीला तिथं कशाला घालू?"

हा समज या एकट्यांचा नाही. पारावर, दूध डेअरीवर, सोयरिकीच्या बैठकीत तो सर्रास ऐकू येतो. मी अनेक वर्षे कृषीच्या विद्यार्थ्यांना शिकवीत आहे. त्यामुळे या समजात खरे किती आणि खोटे किती, हे आपल्यापुढे मांडणे माझे कर्तव्य आहे.

नमुना कोठून घेतला?

माती परीक्षणासाठी नमुना कसा घ्यावा, हे आपणांस ठाऊक आहे. शेतात नागमोडी चालत दहा-बारा ठिकाणी 'व्ही' आकाराचे खड्डे घेतो. ती माती एकत्र करून तिचे चार भाग करतो, समोरासमोरचे दोन ठेवून बाकीचे टाकतो आणि अर्धा किलो राहीपर्यंत असेच करीत जातो. बांधालगत, झाडाखाली, खताच्या ढिगाजवळ किंवा पाणथळ जागी नमुना घेत नाही. का? तेथील माती खोटी असते म्हणून नव्हे, तर ती साऱ्या शेताची माती नसते म्हणून.

आता सांगा, कृषीच्या मुलांविषयी आपण मत बनवितो तेव्हा नमुना कोठून घेतो? भावकीतला एक मुलगा तीन वर्षे परीक्षा देत राहिला, तो डोळ्यांसमोर असतो. रोज दिसतो, म्हणून तोच लक्षात राहतो. त्याच्याच वर्गातली मुलगी बँकेत कृषी कर्जाचे काम पाहते, दुसरा मित्र रोपवाटिका चालवितो, तिसरा बियाणे कंपनीच्या प्रक्षेत्रावर राबतो. ते आपल्या पारावर येत नाहीत, म्हणून हिशेबात धरले जात नाहीत. हा बांधालगतचा नमुना झाला.

उलट बाजूनेही चूक होते. सह्याद्री फार्म्सचे विलास शिंदे यांनी राहुरीच्या कृषी विद्यापीठातून कृषी अभियांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि २०११ साली नाशिक जिल्ह्यात शेतकरी उत्पादक कंपनी उभी केली. आम्ही शिक्षक मंडळी अशी नावे भाषणात अभिमानाने सांगतो. परंतु शेतातले सर्वांत मोठे कणीस हातात धरून कोणी एकरी उतारा काढत नाही. म्हणून त्या एका नावावरून सगळे पदवीधर तसेच असतात, असे मी आपणांस सांगणार नाही.

समज पहिला : "ही मुले शेती करीत नाहीत"

यात तथ्य आहे आणि ते मी झाकून ठेवणार नाही. पदवी घेऊन पूर्णवेळ शेतीवर परतणारे विद्यार्थी थोडे असतात. स्पर्धा परीक्षांकडे ओढा मोठा आहे. जागा मोजक्या आणि उमेदवार पुष्कळ, त्यामुळे अनेकांची उमेदीची वर्षे त्यात जातात. पण याचे कारण केवळ मुलांच्या आळसात शोधू नका.

कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात १९७०-७१ साली सरासरी वहितीचे क्षेत्र ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ साली ते १.३४ हेक्टरवर आले. म्हणजे साडेदहा एकरांचे साडेतीन एकरांच्या आत आले. दोन भावांत तेवढीच जमीन, त्यातही विहिरीला उन्हाळ्यात पाणी नाही. अशा घरचा मुलगा पदवी घेऊन परत आला, तर त्याचे ज्ञान वापरायचे कोठे?

दुसरी गोष्ट आपल्याच घरातली आहे. प्रवेशाच्या वेळी मी पालकांना नेहमी विचारतो, "मुलगा पुढे काय करणार?" "शेती" असे उत्तर क्वचित मिळते. "कुठंतरी चिकटला म्हणजे झालं," हेच बहुतेकांचे म्हणणे असते. लग्नाच्या बाजारात शेती करणाऱ्या मुलाला मुलगी देताना आपण मागे सरतो. पेरणी आपण एका वाणाची करतो आणि उगवले दुसरे पाहिजे म्हणतो, हे कसे चालेल?

शिवाय कृषी विद्यापीठे केवळ शेतकरी घडविण्यासाठी निघाली नाहीत. आपल्या राज्यात १९६८ साली राहुरी, १९६९ साली अकोला आणि १९७२ साली परभणी व दापोली येथे विद्यापीठे झाली. शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही तीन कामे त्यांच्याकडे सोपविली गेली. म्हणजे मुलाने स्वतः नांगर धरला नाही, म्हणून शिक्षण वाया गेले असे होत नाही. कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर कीड ओळखून योग्य औषध देणारा आणि चुकीचे देण्यास नकार देणारा पदवीधर बसला असेल, तर आपला फवारणीचा खर्च वाचतो. पदवीधरांनी गावातच सल्ला व सेवा द्यावी यासाठी केंद्र शासनाने २००२ साली कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्र योजना सुरू केली. तिचा लाभ घेणाऱ्या मुलांना पहिले गिऱ्हाईक गावानेच द्यावयाचे असते.

समज दुसरा : "शहरातली मुले नाजूक, शेतकऱ्याची मुले तयार"

हा समज माझाही होता आणि त्याने मला एकदा चांगलेच फसविले. अंतिम वर्षाचे विद्यार्थी गावात राहून कार्यानुभव घेतात. एका वर्षी गट पाडताना शहरातल्या एका मुलाला मी मुद्दाम सोयीचे, रस्त्यावरचे गाव दिले. मोठ्या बागायतदाराच्या मुलाला दूरचे कोरडवाहू गाव दिले. म्हटले, हा निभावेल.

महिन्याने भेटीला गेलो. शहरातला मुलगा पहाटे दूध संकलन केंद्रावर वही घेऊन उभा असायचा. कोणाच्या गाईचे दूध घटले आणि चारा काय दिला, हे त्याने घरोघरी जाऊन लिहून काढले होते. आपल्याला काही येत नाही हे त्याला ठाऊक होते, म्हणून तो प्रत्येकाला विचारीत होता. बागायतदाराच्या मुलाला मात्र तिफण कशी धरतात हे ठाऊक नव्हते आणि विचारायची लाज वाटत होती. पाचवीपासून तो वसतिगृहात राहिला होता. सातबारा घरात असला, तरी शेती त्याच्या हातात कधी आलीच नव्हती. चूक त्याची नव्हती. गुणपत्रिकेऐवजी मी त्याचे आडनाव आणि एकर पाहिले, ही माझी चूक होती.

समज तिसरा : "मुली पदवीपुरत्या येतात"

खुरपणी, भाताची लावणी, कापसाची वेचणी, बियाणे निवडून ठेवणे ही कामे आपल्याकडे प्रामुख्याने कोण करते? घरातल्या बाया. परंतु आम्ही विस्तार कार्यकर्ते वर्षानुवर्षे ओट्यावर बसलेल्या पुरुषांशीच बोलत आलो. कृषिकन्या गावात आल्या, तेव्हा त्या चुलीपर्यंत गेल्या.

एका गावात विद्यार्थिनींनी सोयाबीनच्या उगवण चाचणीचे प्रात्यक्षिक पुरुषांच्या सभेत दाखविले, तेव्हा कोणी फारसे लक्ष दिले नाही. मग तेच त्यांनी एका घराच्या ओसरीवर बायकांना दाखविले. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे रांगेत ठेवायचे, गुंडाळायचे, ओल टिकवायची आणि आठवड्याने मोड आलेले दाणे मोजायचे. सत्तर वा अधिक उगवले तर शिफारशीप्रमाणे बियाणे वापरायचे, कमी उगवले तर प्रमाण वाढवायचे. त्या घरी बियाणे राखून ठेवण्याचे काम सासूबाईंचे होते. त्यांनी घरच्या पोत्यातले दाणे लावून पाहिले. निम्मेही उगवले नाहीत. ते पोते पेरणीतून बाजूला काढले गेले आणि दुबार पेरणीचा धोका टळला. हे काम मुलगे करू शकले असते का? कदाचित करू शकले असते, पण त्या ओसरीवर ते गेले नव्हते.

मुलीने शेती शिकून काय करायचे, असे विचारण्यापूर्वी दुसरा प्रश्न स्वतःला विचारावा : तिला जमीन कोठे आहे? हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क दिला. आपण तिच्याकडून हक्कसोड लिहून घेतो आणि वर म्हणतो, मुली शेती करीत नाहीत.

समज चौथा : "ज्ञान पुस्तकी"

हाही अर्धा खरा आहे. वर्गात रोगाचे शास्त्रीय नाव पाठ असते, पण पानावरचा ठिपका पाहून मूल गोंधळते. ही उणीव ओळखूनच रंधावा समितीने १९९२ साली ग्रामीण कार्यानुभवाची शिफारस केली. कार्यक्रम कागदावर उत्तम आहे. पण काही विद्यार्थी यजमान शेतकऱ्याची सही घेऊन परत जातात, हेही मी पाहिले आहे. मूल्यमापन ढिले ठेवले तर आम्ही शिक्षक दोषी आहोत. आणि न पाहता सही देणारे आपणही दोषी आहात.

आपण काय करावे?

१. कृषिदूत किंवा कृषिकन्या आपल्याकडे आल्या, तर केवळ चहा पाजून पाठवू नका. एक गुंठा का होईना, प्रात्यक्षिकासाठी द्या.

२. आपली एक नेमकी अडचण सांगा आणि उत्तर आणण्यासाठी आठ दिवसांची मुदत द्या. "मला माहीत नाही, सरांना विचारून सांगतो" असे म्हणणारा विद्यार्थी चांगला समजा.

३. काम केले नसेल तर सही देऊ नका. महाविद्यालयाला तसे कळवा.

४. घरच्या बायकांना प्रात्यक्षिकाला बोलवा आणि त्यांनाही प्रश्न विचारू द्या.

५. परतून शेती करू पाहणाऱ्या मुलाला एक तुकडा आणि दोन हंगाम मोकळेपणाने द्या. नफ्या-तोट्याचा हिशेब मात्र लिहून मागा.

शेवटी सकाळच्या त्या बांधवांना उत्तर देतो. नोकरी नक्की मिळेल या भरवशावर मुलीला पाठवू नका, तशी हमी कोणी देऊ शकत नाही. "तिथली मुले अशीच असतात" या ऐकीव गोष्टीवरून तिला अडवूही नका. महाविद्यालयात एकदा तिला घेऊन जा. केवळ दर्शनी इमारत पाहू नका. प्रक्षेत्रावर जा, वसतिगृहातल्या दहा-बारा मुला-मुलींशी बोला. हुशार-सामान्य, गावातली-शहरातली, शेती करणारी-न करणारी, सगळी घ्या. म्हणजे नागमोडी चालून नमुना घ्या. मग मुलीला विचारा, तिला काय करायचे आहे. सकाळी आपण दोघे बोलत होतो, तेव्हा ती शेजारीच उभी होती आणि तिला कोणीच काही विचारले नाही. मीही नाही.