स्वतःविषयी सांगा

‘स्वतःविषयी सांगा,’ एवढंच कुणी म्हटलं तर आपण काय सांगू? अमेरिकेत येल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ विल्यम मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळकरी मुलांना हेच विचारलं. त्यांचे निष्कर्ष १९७८ साली प्रसिद्ध झाले. ज्यांच्या वंशाची मुलं शाळेत थोडी, ती मुलं आपला वंश आपणहून अधिक वेळा सांगत. बहुसंख्य गोऱ्या मुलांना तो क्वचितच आठवे. डावखुऱ्यांचंही तसंच. उजव्या हातानं लिहिणारा कशाला सांगेल, ‘मी उजवा’ म्हणून?

म्हणजे भोवतालच्यांत जे नाही, तेच आपल्याला स्वतःत आधी दिसतं.

मला हे पटतं, आणि थोडं बोचतंही. मराठी कविसंमेलनात सूत्रसंचालक ‘मुस्लिम मराठी कवी’ अशी ओळख करून देतात. माइकपर्यंत पोचेतो मीही तेवढाच उरतो. पावसावरची कविता मागं ठेवून मोहल्ल्यावरची काढतो. मामूंच्या घरच्या लग्नात, दखनी बोलणाऱ्या भावंडांत, मी ‘मराठीवाला शायर’. तिथं मला ज्ञानोबा-तुकोबा आठवतात. यातलं खोटं काहीच नाही. पण पावसाची ती कविता वहीतच राहिली, त्याचं काय?

परवा एका शाळेत गेलो होतो. एका मुलीनं विचारलं, ‘‘सर, तुम्ही कोण?’’

मी पटकन म्हणालो, ‘‘म्हातारा.’’

वर्गात पन्नाशी ओलांडलेला मी एकटाच होतो.