ग्राफाइटचे मर्दन आणि हायड्रोजनची साठवण

(सिंधुदुर्गनगरी येथील व्याख्यानाचा मजकूर)



मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरून मासेमारीस निघणारे ट्रॉलर डिझेलवर चालतात, आणि देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल परदेशातून येते. या परावलंबनावर उपाय म्हणून हायड्रोजनकडे पाहिले जाते. जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मान्यता दिली. त्याआधी ऑगस्ट २०२२ मध्ये केपीआयटी आणि सीएसआयआर यांनी विकसित केलेली हायड्रोजन बस पुण्यात सादर झाली होती.

परंतु हायड्रोजन निर्माण करणे हे अर्धेच काम आहे. तो साठवणे अधिक अवघड. एक किलो हायड्रोजनमध्ये एक किलो डिझेलच्या जवळजवळ पावणेतीनपट ऊर्जा असते. मात्र सामान्य तापमानाला व दाबाला तो सुमारे १२,००० लिटर जागा व्यापतो. द्रवरूप करायचा तर उणे २५३ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करावा लागतो. टाकीत कोंबायचा तर वातावरणाच्या सुमारे ७०० पट दाब द्यावा लागतो. म्हणूनच, एखाद्या घन पदार्थात तो मुरवून ठेवता येईल काय, असा प्रश्न शास्त्रज्ञांनी विचारला. कार्बन हलका आणि स्वस्त. त्यामुळे पेन्सिलीतल्या ग्राफाइटकडे लक्ष जाणे स्वाभाविक होते.

ग्राफाइटमध्ये कार्बनच्या अणूंचे षट्कोनी जाळे असलेले थर एकावर एक रचलेले असतात. दोन थरांतील अंतर ०.३३५ नॅनोमीटर. एवढ्या फटीत हायड्रोजनला वस्तुतः शिरकावच नसतो. अखंड थरातील अणूही आपापसांत घट्ट बांधलेले असल्यामुळे त्यांना बाहेरच्या सोबत्याची गरज भासत नाही.

येथे मर्दनाचा उपयोग होतो. अभ्रकभस्म करताना वैद्य खलात दीर्घकाळ घोटतात. बॉल मिल म्हणजे त्या खलाचेच यांत्रिक रूप. पोलादी भांड्यात ग्राफाइट आणि कठीण गोळे घालून भांडे वेगाने फिरवतात. गोळ्यांच्या आघातांनी थर फाटतात, सरकतात, त्यांची शिस्त मोडते. स्फटिक काही नॅनोमीटरांपर्यंत बारीक होतात, थरांमधील अंतर वाढते, आणि तुटलेल्या कडांवर बंध मोकळे राहिलेले असंख्य कार्बन अणू उघडे पडतात. भांड्यात हायड्रोजन भरलेला असेल तर तो या कडांना जाऊन बिलगतो.

१९९९ मध्ये हिरोशिमा विद्यापीठाचे ओरिमो, फुजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे १० वातावरण दाबाच्या हायड्रोजनमध्ये ग्राफाइट ८० तास दळले. त्यात वजनाच्या ७.४ टक्के हायड्रोजन सामावला. म्हणजे जवळजवळ प्रत्येक कार्बन अणूमागे एक हायड्रोजन अणू. आकडा उत्साह वाढवणारा होता.

तथापि, कोठारात धान्य किती भरले यापेक्षा हवे तेव्हा किती निघते, हे महत्त्वाचे. कडांवरचा हायड्रोजन रासायनिक बंधाने जखडलेला असतो. तो सोडवण्यास ३०० अंशांहून अधिक, आणि उरलेला काढण्यास सुमारे ७०० अंश तापमान लागते. शिवाय त्याच्यासोबत मिथेनसारखे वायूही निघतात; म्हणजे कोठाराची भिंतच धान्याबरोबर बाहेर येते! तोच हायड्रोजन पुन्हा सहजी भरताही येत नाही. ८० तासांच्या दळणाला लागणारी वीज वेगळीच. पोलादी गोळ्यांतून झिजून मिसळलेले लोहही परिणाम बदलते, असे पुढे आढळले. म्हणजे जे श्रेय ग्राफाइटचे वाटले, त्यात लोहाचाही वाटा होता.

मग ही वाट निष्फळ ठरली काय? नाही. दळलेल्या ग्राफाइटला लिथियम हायड्राइडची जोड दिल्यावर हायड्रोजन सुमारे ३५० अंशांना सुटतो, हे त्याच परंपरेतील संशोधनाने दाखवले. आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीत प्रा. महेश्वर शेरॉन यांनी कापूर, तेलबिया आणि तंतुमय वनस्पती यांपासून कार्बनचे सूक्ष्म पदार्थ तयार केले आणि त्यांची हायड्रोजन साठवणक्षमता तपासली. नारळाच्या करवंटीपासून सक्रिय कोळसा बनतो. तेव्हा कोकणातील तरुणांना हे क्षेत्र परके वाटण्याचे कारण नाही.

मात्र या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्याने प्रत्येक मोठ्या आकड्याला तीन प्रश्न विचारावेत : किती भरले, किती तापमानाला सुटले आणि किती वेळा पुन्हा भरता आले? ऊर्जेतील स्वावलंबन घोषणेने येत नाही. ते अशा कठोर मोजमापातून आणि दीर्घ तपश्चर्येतूनच साध्य होते.