डब्यातलं सँडविच

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला ‘तंत्रज्ञान आणि आपण’ असा विषय दिला होता. वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या बाईला दुसरं काय देणार! पण मी आज सँडविचवर बोलणार आहे. हसू नका, त्यातही तंत्रज्ञान आहे.

आठवीत आमच्या दुसऱ्या बाकावर एक मैत्रीण दर बुधवारी सँडविच आणायची. हिरवी चटणी, काकडी, उकडलेला बटाटा. ती आज इथे बसली आहे, नाव घेत नाही, नाहीतर उठून जाईल. माझ्या डब्यात रोज पोळी आणि कोरडी भाजी. मी दोन पोळ्या देऊन तिच्याकडून अर्धं सँडविच घ्यायची. एक दिवस घरी हट्ट केला, मलाही सँडविच हवं. आई टेलिफोन खात्यात होती, सकाळी सातची पाळी. पहाटे पाचला उठून तिनं ते केलं. मधल्या सुट्टीत डबा उघडला तर चटणीनं पावाचा लगदा झालेला. संध्याकाळी मी तिला सगळ्यांसमोर म्हटलं, “तुला साधं सँडविच येत नाही.” ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पोळी-भाजी.

आता अमेरिकेत येऊ. मी न्यू जर्सीत राहते, लेक शाळेत जाते. तिथे फ्रीझरमध्ये ‘अनक्रस्टेबल्स’ नावाची तयार सँडविचं मिळतात. गोल, कडा कापलेली, आत पीनट बटर आणि जॅम, एकेक वेगळ्या पाकिटात. सकाळी गोठलेलंच डब्यात टाकायचं, तास-पाऊण तासात आपोआप सुटतं. १९९५ साली दोघांनी हे काढलं, १९९८ मध्ये स्मकर्स कंपनीनं ते विकत घेतलं आणि १९९९ मध्ये त्याला चक्क पेटंट मिळालं. सँडविचला पेटंट! मी कामाच्या निमित्तानं पेटंटं वाचते, म्हणून हेही वाचलं. त्यातली युक्ती अशी, की पीनट बटर दोन्ही स्लाइसना लावायचं आणि जॅम मधोमध ठेवायचा. तेलकट थर असला की ओलावा पावात उतरत नाही. मग कडा दाबून बंद.

वाचताना मला दुसरा बाक आठवला. हिची आई दोन्ही स्लाइसना अगदी काठापर्यंत लोणी लावायची, हे हिनंच मला नंतर सांगितलं होतं. आमच्या घरी लोणी जपून वापरायचं, त्यामुळे आईनं चटणी थेट पावावर लावली होती. एवढाच फरक.

कंपनीनं पेटंट आणखी वाढवून मागितलं, तेव्हा २००५ मध्ये अपील न्यायालयानं नकार दिला. सुनावणीत एका न्यायाधीशांनी सांगितलं होतं, की आमच्या घरी बायकोही मुलाच्या सँडविचच्या कडा दाबते, आतलं बाहेर येऊ नये म्हणून. पुढे मूळ पेटंटही रद्द झालं. करंजीची कडा मुरडणाऱ्या आपल्या एकाही बाईला कुणी साक्षीला बोलावलं नाही, नाहीतर निकाल पहिल्याच दिवशी लागला असता.

मग इंजिनिअर म्हणून मी तुलना केली. एका रविवारी घरीच दहा केली. भाजलेल्या दाण्यांचं कूट मिक्सरमध्ये तेल सुटेपर्यंत फिरवलं, वाटीनं पाव गोल कापला, काट्यानं कडा दाबल्या. चव माझ्याची चांगली, साखर कमी, दाण्याचा खमंगपणा जास्त. पण दहातली तीन फुटली. लेकीनं विकतच्यालाच मत दिलं, कारण ते दर वेळी अगदी तसंच लागतं. हे मला मान्य करावं लागलं. आमच्या धंद्यात त्यासाठी लोक पगार देतात.

चटणी-काकडीचं सँडविच मात्र गोठवता येत नाही. काकडीतल्या पाण्याचे स्फटिक होतात, पेशी फाटतात आणि बर्फ सुटल्यावर चिखल उरतो. म्हणून त्या पाकिटात काकडीसारखं पाणीदार काही नसतं. (जाता जाता : पाव फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथे तो लवकर शिळा होतो. फ्रीझरमध्ये टिकतो.) आणि ते गोल सँडविच अर्धं करता येत नाही. कापलं की जॅम बाहेर. लेकीला म्हटलं, मैत्रिणीला अर्धं कसं देतेस? ती म्हणाली, “शाळेत डबा वाटून खायला मनाई आहे.” कुणाला दाण्याची ॲलर्जी असली तर जिवावर बेतू शकतं, नियम बरोबरच आहे. तरी मी थोडा वेळ गप्प बसले.

तीन वर्षांपूर्वी आई आमच्याकडे आली. मी तो खोका फ्रीझरमध्ये मटारच्या मागे लपवला होता. तिला तो पहिल्याच दिवशी सापडला. मी बोलणी खायची तयारी ठेवली. तिनं एक सुटू दिलं, कडेवरून बोट फिरवलं, म्हणाली, “मुरड छान बसलीय.” खाल्लं. “गोड आहे फार.” मग विचारलं, “यामुळे तुला सकाळी किती वेळ जास्त झोपता येतं?”

म्हटलं, पंचवीस मिनिटं.

“मला तेव्हा मिळालं असतं तर मी घेतलं असतं गं. त्या सँडविचच्या दिवशी माझी पाळी चुकली होती.”

हे मला तीस वर्षं माहीत नव्हतं.

काल रात्री आई आणि मी इथे चाळीस सँडविचं केली. लोणी दोन्ही बाजूंना, काठापर्यंत. लावायचं काम तिनं मला दिलं नाही. मागच्या टेबलावर स्टीलचे दोन डबे आहेत. शिवणाच्या बाई, कडा कापलेल्या नाहीत, रागावू नका. आणि दुसऱ्या बाकावरची, तू आधी घे. पूर्ण घे.