खिळा तिथंच, तार मात्र आत

आज आमच्या इंदूरच्या अंगणातल्या कडुनिंबाची गोष्ट सांगते. तिच्यात चूक माझीच आहे.

दहा वर्षांची असताना मी त्या झाडावर, माझ्या छातीच्या उंचीवर, एक खिळा ठोकला होता. वाटलं, झाड वाढेल तसा खिळाही वर जाईल. मोठेपणी पाहिलं, तर झाड छपराच्या वर गेलेलं आणि खिळा मात्र माझ्या कमरेशी! खिळा हलला नव्हता, उंच मी झाले होते. झाड उंच वाढतं ते शेंड्यांकडून. खालचं खोड फक्त जाड होत जातं.

ते जाड कसं होतं? साल आणि लाकूड यांच्यामध्ये कँबियम नावाचा पेशींचा अगदी पातळ थर असतो. तो आतल्या बाजूला लाकूड तयार करतो आणि बाहेरच्या बाजूला आतली साल. लाकडातल्या बारीक नळ्यांतून मुळांनी शोषलेलं पाणी वर चढतं. त्या नळ्यांच्या पेशी मेलेल्या असतात, तरी काम चालू असतं. पानांत तयार झालेली साखर मात्र आतल्या सालीतून खाली मुळांकडे उतरते. म्हणून गाभा पोखरलेलं झाडही वर्षानुवर्षं उभं राहतं. पण खोडाभोवतीची साल गोल काढली, तर धडधाकट झाडही मरतं.

आता माझी चूक. कपडे वाळत घालायला मी त्या कडुनिंबाला तारेचे दोन वेढे घट्ट आवळले आणि विसरून गेले. खोड जाड होत गेलं, तार सालीत रुतली. तारेच्या वर खोड फुगलं, कारण खाली उतरणारी साखर तिथं अडत होती. मला वाटलं, झाड बाळसं धरतंय! पाणी वर जात होतं, पानं हिरवी होती. खाली मुळं मात्र उपाशी होती. एका वादळात झाड नेमकं तारेपाशी मोडलं.

तेव्हा मंडळी, आज घरी गेल्यावर दारातलं झाड एकदा हात फिरवून बघा. तार, दोरी, रोषणाईच्या माळा, रोपाला आधाराला बांधलेली सुतळी, जे आवळलेलं असेल ते सोडवा. खोल रुतलेली तार ओढून काढू नका, साल सोलली जाईल. दिसते तिथं कापा आणि बाकीची राहू द्या.

झाड ओरडत नाही. आपणच बघायचं असतं.